जागेवरचे आठ गुटके

१

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारी दोन चाळीसला अग्रवेग माल-टर्मिनलच्या तीन नंबर लाइनीवर उभ्या असलेल्या, साखरेनं गच्च भरलेल्या सहा वॅगन आपणहून चालू लागल्या. इंजिन जोडलेलं नव्हतं, ढकलणारं कुणी नव्हतं. उताराला लागलेल्या बैलगाडीसारख्या त्या आधी हळू आणि मग कुणाला न ऐकता पुढं गेल्या, आणि तीनशे मीटरवर लाइन संपते तिथल्या लोखंडी अडसरावर आदळल्या. दोन कलंडल्या, पोती फुटली. साखरेच्या ढिगाऱ्याच्या थोडं अलीकडं, रुळाला लागून, बाळासो पोवार पडले होते. वय सत्तावन्न. पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. जीव जागच्या जागी गेला होता.

कोल्हापूर-मिरज रस्त्याला, हातकणंगलेच्या अलीकडं हे खासगी टर्मिनल. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कंपनीचा अहवाल तयार झाला. शंटिंगचा, म्हणजे वॅगन जोडण्या-सोडण्याचा माणूस कृष्णात चौगुले यानं उभ्या वॅगनच्या चाकांखाली लाकडी गुटके लावलेच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. सहा वाजता पोलिसांनी कृष्णातला गाडीत बसवलं.

बुधवारी सकाळी विमा कंपनीनं कारण शोधायला नसरीन जमादारला पाठवलं. नसरीनचं ऑफिस शाहूपुरीत, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरती. इंजिनिअरिंग करून तेवीस वर्षं ती हेच काम करत होती. जळालेल्या सूतगिरण्या, घाटात कोसळलेले टँकर, फुटलेले बॉयलर. माणसांच्या आधी ती वस्तूंना प्रश्न विचारायची, कारण वस्तूंना नोकरी टिकवायची नसते.

टर्मिनलचा प्रमुख राजस सबनीस चौतिशीचा, नीटस, बोलायला मऊ. त्यानं तिला लाइनीवर नेऊन सगळं समजावलं. इंजिन सुटलं की वॅगनचा हवेचा ब्रेक लागतो, पण हवा तीन-चार तासांत झिरपून जाते. म्हणून प्रत्येक वॅगनचा हँडब्रेक आवळायचा आणि चार चाकांना गुटके लावायचे. मग त्यानं टॅबवर एक फोटो दाखवला. अपघातानंतर पस्तीस मिनिटांनी काढलेला. गुटके ठेवायचं स्टँड, आणि त्यात आठही गुटके जागेवर, पिवळ्या रंगातल्या एक ते आठ आकड्यांच्या क्रमानं.

तो म्हणाला, गुटके स्टँडवरनं हललेच नाहीत, याहून वेगळा पुरावा काय हवा.

स्टँड लाइनीच्या वरच्या टोकाला, शेडच्या भिंतीपाशी होतं. नसरीन तिथं गुडघ्यावर बसली आणि एकेक गुटका उचलून उन्हात फिरवून बघायला लागली. एक, दोन, तीन, चार. हे जुने, काळपट. मग पाचवा तिनं जरा जास्त वेळ धरला. तिरक्या बाजूवर बोटभर रुंद दाब बसला होता, आणि त्या खळग्यात लाकूड आतून पांढरं, ताजं दिसत होतं. सहा, सात, आठवर तीच खूण.

चार गुटक्यांनी कालच वजनदार चाक अडवून धरलं होतं. म्हणजे कृष्णातनं ते लावले होते. आणि चाकं जर त्यांच्यावरनं गेली असती तर गुटक्यांच्या ढलप्या निघाल्या असत्या. हे तर अखंड होते. वॅगन हलायच्या आधी कुणीतरी ते काढले होते, इथपर्यंत आणले होते आणि घाई न करता नंबरानं लावून ठेवले होते.

कुणी, ते मात्र लाकूड सांगत नव्हतं.

२

पोलीस ठाण्यात कृष्णात बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. पस्तिशीचा उंच माणूस, गारगोटीकडचा. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. नसरीननं त्याला नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि काय सापडलं ते सांगितलं. गुटक्यांवरच्या खुणा त्याला सोडवणार होत्या. अशी बातमी ऐकल्यावर माणसाच्या खांद्यातला ताण उतरतो, हे तिनं पुष्कळदा बघितलं होतं.

कृष्णातचे खांदे उतरले नाहीत. उलट त्याचं तोंड पडलं.

सकाळी अकराला आपणच गुटके लावले, सहाही हँडब्रेक आवळले, एवढं त्यानं सांगितलं. वॅगन सुटल्या तेव्हा कुठं होतास, तर म्हणाला, गेटावर, ट्रकांचा वजनकाटा बघत. शंटिंगच्या माणसाचं काट्यावर काय काम, तर म्हणाला, दिवाळीपासनं दोन्ही कामं एकालाच.

मग तिनं सरळच विचारलं, गुटके कुणी काढले.

"मॅडम, तुमी चांगलं मानूस दिसतासा," तो म्हणाला. "पर ह्यात पडू नगासा. माज्यावर आलंय न्हवं, येऊ द्या की."

बाहेर येऊन नसरीन गाडीत बसली तरी किल्ली फिरवेना. खोटं बोलून सुटू पाहणारे तिला ठाऊक होते. खरं दडवून अडकू पाहणारा हा पहिलाच. आणि माणूस असा अडकून घेतो ते कुणाला तरी पाठीशी घालायला.

३

पाठीशी घालण्यासारखी टर्मिनलवर किती माणसं होती? तीन वर्षांपूर्वी प्रत्येक पाळीला तेरा होती. आता पाच. त्या दुपारी तीन नंबर लाइनीशी संबंध येईल असे कृष्णात आणि बाळासो सोडून दोघंच. इंजिन चालवणारा खिजर नदाफ आणि कंट्रोल रूममध्ये बसणारी भैरवी.

खिजर मलकापूरचा, पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ. बाळासोंशी त्याचं महिन्यापूर्वी भांडण झालं होतं, हे राजसनं न विचारता सांगितलं होतं. खिजरनं ते नाकारलं नाही. पूर्वी साखर यार्डाला एक आणि खत यार्डाला एक अशी दोन इंजिनं होती, आता दोन्हीकडं मिळून एकच. इंजिन वेळेवर आलं नाही की बाळासो त्याच्यावर चिडायचे, एवढंच ते भांडण. इंजिनानं वॅगनना धक्का दिला असेल ही शंकाही टिकली नाही. त्या वेळी इंजिन टर्मिनलच्या पार दुसऱ्या बाजूला खताच्या गाडीला जोडलेलं होतं, आणि त्याच्या जागेची नोंद मिनिटामिनिटाला होत होती.

जाता जाता खिजर एक विचित्र गोष्ट बोलला. लांबून, खत यार्डाच्या फाटकातनं, त्याला बाळासो दिसले होते. म्हातारा खाली वाकून वाकून दगड मारत होता. लाइनीवर कुत्री फार, त्यांनाच हाकलत असणार असं खिजरला वाटलं. वॅगन हलतायत हे एवढ्या लांबनं त्याला कळलंच नव्हतं.

"मरायच्या आदी मिनिटभर मानूस कुत्र्यांस्नी दगडं मारतोय," तो म्हणाला. "काय म्हनायचं नशिबाला."

भैरवी सव्वीस वर्षांची. तिचे डोळे सुजले होते पण काम चालू होतं, कारण तिच्या जागी बसायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं सगळा दिवस पडद्यावर उलगडून दाखवला. बारा चाळीसला तिनं निरोप टाकला होता की इंजिन वीस मिनिटांत तीन नंबरवर येतंय. बारा पंचावन्नला संगणकानंच बेत बदलला. खताची गाडी आधी ओढली तर इंजिनाची एक फेरी वाचत होती. नवी वेळ तीन वाजून पाच. तोही निरोप तिनं लगेच टाकला.

निरोप कुणाला जातो, नसरीननं विचारलं.

पाळीच्या टॅबवर. टॅब एकच, आणि तो कृष्णातजवळ होता, गेटावर. पूर्वी प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी असायचे, पण एका पाळीला एक यंत्र पुरे असं ठरल्यावर नोव्हेंबरात ते परत घेतले गेले.

मग भैरवीनं, जणू टर्मिनलची बाजू सावरायला, एक तक्ता उघडला. इंजिन आल्यापासून गाडी सुटेपर्यंत पूर्वी चाळीस मिनिटं जायची. राजससरांनी ती बारावर आणली. ऑक्टोबरपासून आजपर्यंत एकही गाडी बारा मिनिटांच्या वर गेलेली नाही.

नसरीन त्या तक्त्याकडं बघत राहिली. साडेचार महिने. पावसाळी चिखल नव्हता हे खरं, पण थंडी, धुकं, आजारपण, दिवाळी. एकदासुद्धा तेरा नाही. तेवीस वर्षांत तिनं खूप तक्ते बघितले होते. चांगला तक्ता कुठंतरी अडखळतो. हा कुठंच अडखळत नव्हता.

तिनं पर्समधनं घड्याळ काढलं आणि मला एक माणूस, इंजिन आणि सहा वॅगन द्या म्हणाली.

४

दुसऱ्या पाळीतला एक तरणाताठा गडी दोन नंबर लाइनीवर तयार झाला. त्याला तिनं सांगितलं, इंजिन आत्ता आलं असं समजून सगळं नियमानं कर. पळू नको, रेंगाळू नको. तो गुटके काढून स्टँडवर ठेवून आला. एकेक करून सहा हँडब्रेकची चाकं उलटी फिरवली. इंजिनाची जोडणी, हवेच्या नळ्या, हवा भरेपर्यंत थांबणं, शेवटच्या वॅगनचा ब्रेक लागतो-सुटतो का ते चालत जाऊन बघणं.

सव्वीस मिनिटं लागली. घामाघूम झाला होता गडी.

ती त्याला म्हणाली, रोज बारा मिनिटांत कसं करता रे. गडी हसला आणि खाली बघायला लागला.

त्याला जाऊ देऊन नसरीन तीन नंबरच्या रुळाच्या कडेनं एकटीच चालत गेली. कलंडलेल्या वॅगनपर्यंत जायचं तिच्या मनात होतं, पण वाटेत थांबावं लागलं. रुळाच्या माथ्यावर, हातभर लांबीत, करड्या रंगाची पूड चिकटली होती. दहा पावलांवर पुन्हा तशीच. आणखी पुढं तिसऱ्यांदा. साखर म्हणावी तर रंग तो नव्हता. तिनं बोटावर घेऊन चोळली. रुळाखालच्या काळ्या खडीचा भुगा होता तो. टनावारी वजनाखाली दगड चिरडला की असा भुगा होतो.

तीन ठिकाणी कुणीतरी चाकासमोर दगड ठेवले होते.

खिजर खोटं बोलला नव्हता, फक्त लांबनं बघत होता. तिथं कुत्रं नव्हतंच. बाळासो पोवार चालत्या वॅगनच्या पुढं पळत पळत रुळावर दगड टाकत होते. आणि ते दगडच का टाकत होते? कारण चाकाखाली काही नाही आणि गुटके वरच्या टोकाला स्टँडवर आहेत, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तिनं ठाण्यातनं मिळालेला शवविच्छेदनाचा कागद पुन्हा काढला. सकाळी एक ओळ तिनं नुसती वाचून सोडली होती. दोन्ही तळव्यांवर ताजा गंज, उजव्या हाताची कातडी सोललेली. ती कलंडलेल्या रांगेपाशी गेली आणि हँडब्रेकची चाकं एकेक हलवून बघितली. पाच मोकळी फिरली. तिसऱ्या वॅगनचं अर्धवट आवळलेलं होतं.

"त्येनंच आमास्नी वाचिवलं," मागनं कुणीतरी म्हणालं.

५

मोना टर्मिनलवर सांडलेली साखर झाडायच्या कामावर होती. ठेकेदाराची माणसं कंपनीच्या यादीत नसतात, म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि ठेकेदारानं वर दम दिला होता की तोंड उघडायचं नाही. पण बाई कालपासून आतल्या आत उकळत होती. आजूबाजूला कुणी नाही बघून तिनं हातातला खराटा खाली ठेवला आणि बोलायला लागली.

लाइनीच्या टोकाला, लोखंडी अडसराच्या सावलीत, ती आणि आणखी तीन बायका भाकरी खायला बसल्या होत्या. सावली तेवढीच, म्हणून रोज तिथंच बसायच्या. पाठ वॅगनकडं. भरलेली वॅगन सुरुवातीला आवाज करत नाही, नुसती येते. त्यांना आधी ऐकू आली ती बाळासोंची हाक. ते उठा म्हणून ओरडत होते. वळून बघते तर म्हातारा एका वॅगनच्या बाजूच्या ब्रेकच्या चाकाला लोंबकळून ते फिरवायला बघतोय. ते जमेना तसा त्यानं उडी टाकली, पुढं पळाला, खडीतला दगड उचलून रुळावर टाकला. चिरडला. दुसरा टाकला. चिरडला. बायका उठून पळाल्या. तिसरा दगड ठेवताना वॅगनच्या पायरीची दांडी त्यांच्या डोक्याला लागली.

मोनाला अजून एक आठवत होतं. एकच्या सुमारास, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, बाळासो दोन-दोन गुटके खांद्यावर घेऊन वरच्या टोकाला जाताना तिला दिसले होते. त्यात वेगळं काही नव्हतं. रोजच न्यायचे. इंजिन यायच्या आधी.

रोज, इंजिन यायच्या आधी, ही गोष्ट नसरीननं पुन्हा एकदा तिच्याकडनं वदवून घेतली. मग डायरी मिटली.

गुटके कुणी काढले हे आता तिला कळलं होतं. ते कळल्यानं बरं वाटलं नाही.

६

गुरुवारी ती कृष्णातसमोर बसली आणि या वेळी तिनं काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं. सव्वीस मिनिटांचं काम बारात बसवायचा एकच मार्ग होता. इंजिन आल्यावर करायचं काम इंजिन यायच्या आधी उरकायचं. वीस मिनिटांत इंजिन येतंय असा निरोप आला की गुटके काढायचे, हँडब्रेक सोडायचे, आणि मधली वीस मिनिटं हवेच्या ब्रेकच्या भरवशावर काढायची. हवा तेवढा वेळ टिकते. साडेचार महिने टिकली. मंगळवारी इंजिन वीस मिनिटांनी आलं नाही, हवा हळूहळू उतरत गेली आणि दोन चाळीसला संपली.

कृष्णातनं मान खाली घातली. मग त्यानं उरलेलं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये पाणी मागत.

हे आगाऊ काढायचं सुरू करायला त्यानंच बाळासोंना लावलं होतं. बाळासो नको म्हणत होते. एकतीस वर्षांत चाकाखालचा गुटका इंजिन जोडल्याशिवाय काढला नाही म्हणायचे. पण सप्टेंबरअखेर, बारा मिनिटांच्या वर गेल्याबद्दल, कृष्णातच्या नावापुढं चार दिवसांत तीनदा लाल खूण पडली, आणि पाच लाल खुणांना घरी पाठवतात. त्यानं हात जोडले. म्हातारा विरघळला. गुडघे दुखत असताना, याचं काम वाचावं म्हणून, रोज गुटके वाहायला लागला. मंगळवारी पहिला निरोप आला तेव्हा काटा जेवणासाठी बंद होता, म्हणून कृष्णात स्वतः जाऊन त्यांना सांगून आला होता.

"आणि तो दुसरा निरोप?" नसरीननं विचारलं. "बारा पंचावन्नचा?"

"आलता."

"वाचला होतास?"

"व्हय. म्या वाचला, मॅडम. काट्यावर तीस-चाळीस ट्रक लागलं हुतं, डायवर शिव्या घालत हुतं. काटा सोडला की लाल. म्हनलं जरा लाइन कमी झाली की जाऊन बाळासोदादास्नी सांगतो. त्येंच्याकडं वॉकी न्हवता. जरा, जरा म्हनत दीड तास गेला."

बाळासोंना वाटत राहिलं असणार की इंजिन आत्ता येतं, मग येतं. पुन्हा गुटके लावायचे आणि तेवढ्यात इंजिन आलं तर परत काढायचे, तर बारा मिनिटं कुठनं आणायची? म्हणून ते लाइनीपाशीच थांबले. सोडून गेले नाहीत. सावलीतसुद्धा गेले नाहीत.

कृष्णातनं तोंड उघडलं नव्हतं त्याला आणखी एक कारण होतं. बाळासोंची मुलगी क्रांती हिला कंपनीच्या नियमानं नोकरी मिळणार होती, मृताची चूक नसेल तर. हे कागदावर होतं.

७

राजसनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नसरीनला त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण हवी होती, ती दिसली नाही. दिसला तो थकवा.

त्यानं तिला बसवून घेतलं आणि तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. टर्मिनल बंद करायचं ठरलं होतं. कारखान्यांना रेल्वे परवडेना, वॅगन दिवस दिवस उभ्या राहायच्या, सगळा माल ट्रकांनी घाटातनं उतरायचा. तेव्हा साठ माणसं होती. त्यानं बावीस कमी केली म्हणून अडतीस राहिली, नाहीतर एक राहिलं नसतं. वर्षाला हजारो ट्रकांचा माल रुळावर आला. घाटात ट्रक उलटून मरणारी माणसं कुणी मोजत नाही, पण ती कमी झालीच असतील. नसरीननं घाटातले अपघात उभ्या आयुष्यात पुष्कळ बघितले होते. हे सगळं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

"बारा मिनिटं," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी तिथं घड्याळ घेऊन उभे राहिलात का?"

"गरज पडली नाही. आकडा येत होता."

"आकडा येत होता म्हणून बघितलं नाही, की बघितलं असतं तर आकडा आला नसता म्हणून?"

राजस खिडकीकडं बघायला लागला. बाहेर कलंडलेली वॅगन क्रेननं सरळ करणं चाललं होतं. तो म्हणाला, गुटके आगाऊ काढायला मी सांगितलेलं नाही. नियमात ते साफ मना आहे, आणि त्या नियमाखाली बाळासोंची सही आहे.

मग त्यानं जे सुचवलं ते मुलाखतीला आलेल्या माणसाशी बोलावं तसं. कृष्णात निर्दोष आहे हे तुम्ही सिद्ध केलंत, अभिनंदन. तसंच लिहा. गुटके मृतानं काढले, नियम मोडून. कंपनीची हरकत नाही. पोलीसही कृष्णातला सोडतील. बारा मिनिटांचं प्रकरण मात्र तांत्रिक आहे, त्याला समिती लागेल, तज्ज्ञ लागतील. त्याला तीन-चार महिने सहज जातील, आणि तोवर अहवाल पुरा झाला असं धरता येणार नाही.

कृष्णातच्या जामिनाची सुनावणी सोमवारी होती.

८

शुक्रवारी नसरीन रुकडीला बाळासोंच्या घरी गेली. क्रांती दारातच बसली होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, वडिलांसारखीच रुंद हाडाची. दुसऱ्या कुणाकडनं कळण्याआधी आपण सांगावं म्हणून नसरीननं तिला सगळं सांगितलं. गुटके, दगड, चार बायका. कंपनीची नोकरी आता मिळणार नाही हेही सांगितलं.

सगळं ऐकून क्रांती आत जाऊन चुलीवरचं भांडं उतरवून आली आणि पुन्हा बसली.

"बाबानं काडलं आसंल तर लिवा," ती म्हणाली. "कृष्णातदादाची बारकी पोरं हाईत. पर नुसतं काडलं म्हनून लिवू नगासा. का काडलं, त्ये बी लिवा."

नसरीननं शब्द दिला. रात्र पडायच्या आत तिनं अहवाल पुरा केला, अकरा पानांचा. पहिली चार पानं गुटक्यांची, उरलेली सात बारा मिनिटांची. त्यात सव्वीस मिनिटांची चाचणी होती, परत घेतलेले वॉकीटॉकी होते, एक इंजिन होतं, काटा आणि शंटिंग एकाच माणसाकडं होतं. आणि एकदाही न अडखळलेला तो तक्ता होता.

शनिवारी सकाळी विमा कंपनीतनं फोन आला. पहिली चार पानं उत्तम आहेत, म्हणाले. उरलेली सात वेगळी काढा, त्यांवर कायदा विभागाचं मत लागेल. अकराच्या अकरा हवीत तर अहवाल थांबेल. तिनं कृष्णातच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, सोमवारी कोर्टात सही-शिक्क्याचा कागद पाहिजे, अर्धा असला तरी चालेल, नाहीतर पुढची तारीख महिन्यानं. नसरीन टेबलाशी बसून राहिली. ठाण्यातल्या बाकावर मांड्यांखाली हात घालून बसलेला माणूस तिला दिसत होता. एक महिना. आणि ती सात पानं काही जाळायची नव्हती, मागनं पाठवता आली असती.

तिनं चार पानांवर सही केली.

सोमवारी कृष्णात सुटला. कंपनीनं त्याला कामावर परत घेतलं नाही. काट्यावर बसून निरोप दाबून ठेवल्याचं कारण दिलं. पोलिसांनी महिन्याभरात प्रकरण मिटवलं. चूक मृताची, आरोपी हयात नाही. सात पानांवर कायदा विभागाचं मत आलंच नाही. नसरीननं तीनदा पत्र लिहिलं, कामगार खात्याकडं एक प्रत दिली, तिथं पोहोच मिळाली. टर्मिनलवर वॉकीटॉकी परत आले, एवढं झालं. बारा मिनिटं तशीच राहिली. भैरवीनं नोकरी सोडली आणि तिची जागा कुणी भरली नाही.

एप्रिलच्या शेवटी क्रांतीचा फोन आला. आवाजात राग नव्हता, हिशेब विचारावा तसा सरळ सूर होता.

"मॅडम, मी कोर्टात गेलतो. नक्कल काडून आनलो. चारच पानं हाईत त्यात. गुटकं काडलं एवडंच हाय. तुमी लिवलं न्हाईसा व्हय?"

"लिहिलं होतं."

"मग कुटं गेलं?"

नसरीननं तिला सगळं सांगितलं. विमा कंपनी, वकील, सोमवारची तारीख, महिनाभर थांबावं लागलं असतं ते. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं. प्रत्येक गोष्ट बरोबर होती, प्रत्येकीला कारण होतं, आणि प्रत्येकीत थोडा वेळ वाचला होता.

क्रांतीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मजी समद्यांनी मिळून थोडं थोडं कापलं. त्यात तुमी बी हाईसा?"

खाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मागं घेत कुणीतरी शिकत होतं. नसरीननं खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"हो," ती म्हणाली. "सही माझीच आहे."